शुक्राचा अस्त आणि मातीची पाटी

सुरुवात एका लग्नापासून करतो. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीच्या ताईचं लग्न ठरलं. मार्च २०२५ मधली तारीख धरून हॉलला आगाऊ पैसे देऊन झाले. मग गुरुजींनी पंचांग उघडलं आणि सांगितलं, या दिवसांत शुक्राचा अस्त आहे, तारीख पुढे न्या. घरात वादावादी झाली ती झालीच. मुलगी दुसऱ्या दिवशी पंचांगाच्या पानाचा फोटो घेऊन आमच्याकडे आली. तिचे दोन प्रश्न होते. शुक्राचा अस्त होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि हे खरं असतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. दुसऱ्यासाठी आम्हाला एक सत्र लागलं, आणि ते आम्ही एका मातीच्या पाटीच्या आधाराने पार पाडलं. ही पाटी आम्ही हातात कधी घेतलेली नाही. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आजचं व्याख्यान त्या पाटीबद्दल आणि ती वर्गात आणताना आमचं काय चुकलं, काय जमलं त्याबद्दल.

आम्ही दोघी शिकवतो. एकीचा विषय इतिहास, दुसरीचा भौतिकशास्त्र. वेळापत्रकात आमचे तास एकमेकींना कधी भेटत नाहीत. पुराणकथा भाषेच्या तासाला, शिल्प चित्रकलेच्या तासाला, ग्रह विज्ञानाच्या तासाला. ज्यांनी ही पाटी लिहिली त्यांच्याकडे अशी कप्पेबंद सोय नव्हती.

तर पाटी. नोंदणी क्रमांक के. १६०. ‘के’ म्हणजे कुयुंजिक. इराकमध्ये आजच्या मोसुल शहराजवळ, प्राचीन निनेवेचं टेकाड. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्खनन झालं आणि असुरबानिपाल या असिरियन राजाचा ग्रंथसंग्रह सापडला. पाट्या आणि तुकडे मिळून तीस हजारांच्या वर. इ.स.पू. ६१२ मध्ये निनेवे पडलं, जळलं. कागद असता तर राख झाली असती. माती होती, म्हणून पुष्कळशी टिकली.

के. १६० ही इ.स.पू. सातव्या शतकातली नक्कल आहे. पण तिच्यावरचा मजकूर त्याहून हजारेक वर्षं जुना. ‘एनुमा अनु एन्लिल’ नावाची सुमारे सत्तर पाट्यांची शकुनांची मोठी मालिका होती, त्यातली ही त्रेसष्टावी. विषय एकच, शुक्र. तो पश्चिमेला कधी दिसेनासा झाला, किती दिवस गायब होता, पूर्वेला पुन्हा कधी दिसला. आणि प्रत्येक नोंदीपुढे, तसं झालं तर राज्यात काय होईल. पहिलीच नोंद घ्या. अकराव्या महिन्यात पंधराव्या दिवशी शुक्र पश्चिमेला मावळला, तीन दिवस दिसला नाही, अठराव्या दिवशी पूर्वेला उगवला. पुढे भाकीत असं की झरे फुटतील, पावसाचा देव पाऊस आणेल, आणि राजे एकमेकांना सलोख्याचे निरोप धाडतील.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही या पाटीचा फोटो पडद्यावर लावला, शेजारी भाषांतर दिलं आणि म्हटलं, लिहा काय वाटतं ते. वर्गाचे सरळ दोन भाग पडले. निम्म्यांनी लिहिलं, हे लोक अंधश्रद्धाळू होते. उरलेल्यांनी लिहिलं, प्राचीन लोकांना सगळं विज्ञान आधीच माहीत होतं. पाटीकडे दोन्ही गटांपैकी कोणीही पाहिलं नव्हतं. पाहायला आम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं, कारण उत्तर शेजारीच छापून दिलेलं.

दुसऱ्या वर्षी भाषांतर काढून टाकलं आणि शाडू माती आणली. गणपतीची शाडू, दुसरं काय. बांबूच्या काड्या चौकोनी तासून घेतल्या. काडीचा कोपरा ओल्या मातीत दाबला की खिळ्यासारखी खूण उमटते, म्हणून ही कीलाकार लिपी. अक्षरं शिकायला वर्षं जातात. अंक मात्र एका तासात येतात. उभी खूण म्हणजे एक, कोनासारखी आडवी खूण म्हणजे दहा. एक कोन आणि पाच उभ्या म्हणजे पंधरा, एक कोन आणि आठ उभ्या म्हणजे अठरा. मुलं अंक उमटवायला लागली आणि अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात आलं की सात आणि आठ यांत एकाच खुणेचा फरक आहे. ओल्या मातीत हात जरा जड पडला की दोन खुणा एकमेकींत मिसळतात. वाळल्यावर दुरुस्ती नाही. शेजारच्याच्या पाटीची नक्कल करायला सांगितलं, तेव्हा चुका आणखी वाढल्या. आणि हजार वर्षं नक्कल होत आलेल्या मजकुरात किती असतील, हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागला नाही. तो त्यांनीच विचारला.

मग मूळ पाटीचे फोटो दाखवले. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर आणि कीलाकार पाट्यांच्या सार्वजनिक डिजिटल संग्रहात ते कोणालाही पाहता येतात. ज्या मुलांनी आदल्या वर्षी एका ओळीत निकाल दिला असता, ती आता पडद्याजवळ जाऊन उभ्या खुणा मोजत होती.

इथे थोडं आकाश. शुक्र पृथ्वीच्या तुलनेत सूर्याभोवतीचं एक चक्र सुमारे ५८४ दिवसांनी पुरं करतो. काही महिने तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, मग पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाताना काही दिवस दिसेनासा होतो, मग पहाटे पूर्वेला येतो. पुन्हा काही महिन्यांनी सूर्याच्या पलीकडून जाताना दोन-एक महिने गायब. आपला शुक्रास्त तो हाच. अशी पाच चक्रं म्हणजे जवळजवळ २,९२० दिवस. आठ वर्षांचे दिवस २,९२२. म्हणजे दर आठ वर्षांनी शुक्र जवळजवळ त्याच तारखेला तेच करतो, दोन-अडीच दिवस आधी. तो २५ मार्च २०१७ ला सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून गेला होता. २०२५ मध्ये? २३ मार्चला. ताईच्या लग्नाची तारीख अडकली ती याच फेऱ्यात.

आता पाटीतली आमच्या मते सगळ्यात थरारक जागा. दहाव्या नोंदीपुढे भाकीत असायला हवं, पाऊस येईल किंवा युद्ध होईल, असं काहीतरी. तिथे भाकीतच नाही. तिथे लिहिलंय, ‘सोन्याच्या सिंहासनाचं वर्ष’. काय संबंध? बॅबिलोनमध्ये वर्षाला आकडा नसे, नाव असे. त्या वर्षी राजाने मंदिराला काय अर्पण केलं, कोणती भिंत बांधली, त्यावरून. फ्रान्झ झेवियर कुग्लर नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याने १९१२ मध्ये हे ओळखलं. हे नाव हम्मुराबीच्या वंशातल्या अम्मीसादुका राजाच्या आठव्या वर्षाचं आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी कोणीतरी शुक्र पाहून त्या वर्षाचं नाव टिपलं होतं, आणि नकलेमागून नक्कल करणाऱ्या लेखनिकांनी ते खोडलं नाही. त्यांना त्याचा अर्थ लागत होता की नाही, कोण जाणे. त्यांनी जसं होतं तसं ठेवलं, म्हणून आज आपण त्या निरीक्षणांना एका राजाच्या काळाशी जोडू शकतो.

तरी गंमत संपत नाही. शुक्राची स्थिती चंद्राच्या तारखांशी जुळवून पाहिली की अम्मीसादुकाच्या पहिल्या वर्षासाठी एकच उत्तर येत नाही. इ.स.पू. १७०२, १६४६ आणि १५८२, अशी तीन उत्तरं अभ्यासकांनी पुढे ठेवलेली आहेत. आम्ही हे तीन आकडे फळ्यावर लिहून गप्प बसलो. एका मुलाने वजाबाकी केली. ५६ आणि ६४. मग म्हणाला, मॅडम, दोन्ही आठच्या पटीत! बरोबर. शुक्र आठ वर्षांनी स्वतःची पुनरावृत्ती करतो, म्हणूनच त्याच्यावरून काढलेली तारीखही आठच्या पटीत घसरते. पाठ्यपुस्तकात हम्मुराबीचा काळ इ.स.पू. १७९२ ते १७५० असा बिनधास्त छापलेला असतो. तो या तिघांतला मधला पर्याय धरून काढलेला आहे, हे मुलांना त्या दिवशी कळलं. खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकीलाही ते उशिराच कळलं होतं.

या पाटीत आणखी एक भाग आहे, आणि त्याने आमच्या वर्गात एक प्रकरण उघडकीला आणलं. मार्च २०२५ मध्ये आम्ही मुलांना गच्चीवरून शुक्र पाहायला लावला. शेवटचा कधी दिसला, पहिल्यांदा पुन्हा कधी दिसला, रोज वहीत लिहा. वह्या आल्या तेव्हा कोणाचीच तारीख दुसऱ्याशी जुळेना. एकाच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला तो दोन संध्याकाळ जास्त दिसला होता; खालच्या मुलाला समोरचा टॉवर आड येत होता. धुरकट हवेमुळे काहींच्या नोंदी मधूनच तुटलेल्या. एका मुलाची वही मात्र देखणी. रोजची नोंद, मिनिटासकट, एकही दिवस रिकामा नाही.

त्याच आठवड्यात आम्ही पाटीचा मधला भाग वाचत होतो. तिथे नोंदी अशा येतात: पहिल्या महिन्यात दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात चौथ्या दिवशी. शुक्र दिसण्याचा काळ प्रत्येक वेळी आठ महिने पाच दिवस. गायब होण्याचा काळ एकदा तीन महिने, एकदा सात दिवस, पुन्हा तीन महिने, पुन्हा सात. मुलांनी पाहिलं आणि कोणीतरी म्हणालं, हे कोणी पाहिलेलं नाही, हे बसून लिहिलंय. अगदी बरोबर. अभ्यासकांचंही मत तेच. हा भाग निरीक्षणांचा नाही, नियम म्हणून रचलेला आहे. वर्गात दोन क्षण शांतता पसरली आणि मग देखण्या वहीवाला मुलगा आपणहून म्हणाला, माझी वहीपण मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून लिहिलीय. (हशा) आम्ही त्याला रागावलो नाही. बॅबिलोनच्या लेखनिकाने नियम रचून काही पाप केलं नव्हतं, तसं याने अ‍ॅप पाहूनही केलं नव्हतं. पण नियम हा नियम म्हणून लिहायचा आणि पाहिलेलं हे पाहिलेलं म्हणून, हा फरक त्या वर्गाला आता पुन्हा शिकवावा लागणार नाही असं आम्हाला वाटतं.

आता कथेकडे. के. १६० पासून दोनच आकडे पुढे, के. १६२. तोच संग्रह, तेच निनेवे. पण या पाटीवर आहे इश्तार देवीच्या पाताळयात्रेची कथा. इश्तार म्हणजे प्रेमाची आणि युद्धाची देवी, आणि आकाशातला शुक्र हे तिचंच रूप. शुक्राच्या पाटीवर ग्रहाला जे नाव दिलंय, निन्सिअन्ना, तेही याच देवीचं. ती पाताळात बहिणीकडे, एरेश्किगालकडे जाते. सात दरवाजे लागतात. प्रत्येक दारात एक दागिना किंवा वस्त्र उतरवून द्यावं लागतं. मुकुट, कर्णभूषणं, गळ्यातली माळ, कंबरपट्टा, हातापायांतली वलयं, शेवटी अंगावरचं वस्त्र. ती खाली अडकते आणि वर पृथ्वीवर बैल गाईकडे जात नाही, माणसं एकमेकांजवळ येत नाहीत. मग देव युक्ती करतात आणि ती सात दारांतून एकेक वस्तू परत घेत बाहेर येते.

ग्रह मावळतो, दिसेनासा होतो, पुन्हा उगवतो. देवी खाली जाते, अडकते, परत येते. या कथेचं याहून जुनं सुमेरियन रूप आहे, त्यात देवी इनान्ना. तिथे तिची दासी तीन दिवस आणि तीन रात्री वाट पाहते आणि मग देवांकडे धावते. हे सांगितलं मात्र, वर्ग उठून उभा राहिला. तीन दिवस! पाटीच्या पहिल्या नोंदीतही तीन दिवस! सुटलं कोडं!

एक मुलगा तर आणखी पुढे गेला. आपल्याकडेही शुक्राचार्यांना संजीवनी विद्या येते, ते मेलेल्यांना उठवतात. म्हणजे सगळं एकच!

खरं सांगतो, इथे आमचीही जीभ सैल सुटायला आली होती. इतकी देखणी जुळणी हाताशी असताना आवरणं सोपं नसतं. पण आम्ही म्हटलं, पाटीकडे परत चला. दुसऱ्या नोंदी काय सांगतात? तिथे गायब होण्याचे दिवस वेगळेच आहेत. आणि ते तसेच असायला हवेत, कारण हिवाळ्याच्या शेवटी बॅबिलोनच्या आकाशातून शुक्र दोन-तीन दिवसच जातो, तर उन्हाळ्याच्या शेवटी दोन आठवड्यांच्या वर जातो. मग कथाकाराने तीनच दिवस का निवडले? ग्रह पाहून निवडले असतील. किंवा कथेत तीन हा आकडा सोयीचा असतो म्हणून. आपल्या गोष्टींतही राजाला मुलगे किती असतात ते आठवा. कथेचा आणि ग्रहाचा संबंध असावा असं काही अभ्यासक मानतात. मानणं आणि सिद्ध करणं यांत के. १६० ते के. १६२ एवढं तरी अंतर आहे. शुक्राचार्यांचं म्हणाल, तर तिकडे शुक्र पुरुष आणि दैत्यांचा गुरू, इकडे स्त्री आणि देवी. जोडायचंच असेल तर मधली पायरी दाखवा. मुलाने दोन आठवडे शोधलं आणि पायरी मिळाली नाही असं लिहून दिलं. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले. (एक गोष्ट मात्र त्यानेच लक्षात आणून दिली. पुराणात पुरुष असलेला हा ग्रह आपल्या अंगणात आला की ‘शुक्राची चांदणी’ होतो.)

कलेबद्दल घाईत सांगतो, कारण वेळ होत आलीय. ब्रिटिश म्युझियमने २००३ मध्ये एक मातीचं उठावशिल्प विकत घेतलं, ‘रात्रीची राणी’ या नावाने ते ओळखलं जातं. उंची अर्धा मीटरही नाही. पंख असलेली स्त्री, पाय पक्ष्याच्या नख्यांचे, पायाखाली दोन सिंह, दोन्ही बाजूंना घुबडं. काळ साधारण इ.स.पू. एकोणिसावं-अठरावं शतक. वर्गात नाव न सांगता दाखवलं की मुलं पुरावे मांडायला लागतात. सिंह इश्तारचे, म्हणून इश्तार. पंख खाली वळलेले आणि घुबडं रात्रीची, म्हणून पाताळातली एरेश्किगाल. तज्ज्ञांतही हाच वाद आहे. ती कुठे सापडली याची उत्खननातली नोंद नाही, त्यामुळे मातीकडून मिळाला असता तो आधार तुटलेला आहे. वस्तू जमिनीतून नुसती उचलून नेली की काय गमावतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण आमच्याकडे नाही. याउलट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुसा इथे सापडलेला एक दगड आहे, बॅबिलोनचा राजा मेलिशिपाक आपल्या मुलीला देवीपुढे नेतोय. त्याच्या माथ्यावर ओळीने चंद्रकोर, सूर्य आणि इश्तारचा तारा. तो तारा मुलं आता लांबूनही ओळखतात.

आणि पडदा सोडून खराखुरा दगड पाहायचा तर आपल्याला विमानाची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यांतल्या उठावशिल्पांचे तुकडे आहेत. लेयार्डने उत्खननातून काढलेली शिल्पं बसऱ्याहून मुंबईमार्गेच लंडनला गेली, तेव्हा हा रस्ता जुनाच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये याच संग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम इथली प्राचीन शिल्पं एकत्र मांडली होती. ज्यांनी ते प्रदर्शन पाहिलं त्यांना आम्ही काय म्हणतोय ते लगेच कळेल. फोटोत उजेड एका बाजूने गोठलेला असतो. शिल्पासमोर तुम्ही दोन पावलं सरकलात की नुसत्या सावलीने एखादी रेघ उठून दिसते, जी मघाशी नव्हतीच.

राहता राहिली ताईच्या लग्नाची गोष्ट. सत्राच्या शेवटी त्या विद्यार्थिनीने आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच लिहून आणलं. तिने पंचांगाच्या ओळीचे पाटीसारखेच दोन भाग केले होते. पहिला भाग, शुक्र अमुक दिवशी मावळेल, अमुक दिवशी उगवेल. हे गणित आहे. सूर्यसिद्धान्तात त्याचा नियम दिलाय: शुक्र वक्री असेल तर सूर्यापासून ८ कालांशांच्या आत, एरवी १० कालांशांच्या आत आला की तो अस्तंगत धरायचा. हा नियम तिने स्वतःच्या गच्चीवरच्या नोंदींशी ताडून पाहिला होता. एका दिवसाचा फरक आला. दुसरा भाग, त्या दिवसांत लग्न करू नये. याच्यापुढे तिने लिहिलं होतं, हे तपासायचं कसं ते मला कळलं नाही, कारण त्या दिवसांत लग्न झालेल्या आणि न झालेल्यांची यादी कोणी ठेवलेली नाही. बॅबिलोनमध्येही पाऊस आला की नाही याची नोंद पाटीवर नाही.

लग्न पुढच्या तारखेला झालं. आम्ही दोघी जेवायला गेलो होतो. गुरुजींनाही तिने आपली वही दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि एका दिवसाच्या फरकाबद्दल विचारलं, तुमच्या गच्चीवरून क्षितिज मोकळं दिसतं का?

शुक्र पुन्हा सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जाईल तो २४ ऑक्टोबर २०२६ ला. पावसाळा नुकताच संपलेला असेल. या वेळी तो सूर्याच्या दक्षिणेकडून जाणार आहे, तेव्हा मार्चमधल्यापेक्षा जास्त दिवस गायब राहील. ज्यांना पश्चिमेचं आणि पूर्वेचं क्षितिज मोकळं दिसतं त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून एक वही ठेवा. शेवटची संध्याकाळ, पहिली पहाट. ढग असतील त्या दिवशी ‘ढग’ असंच लिहा. आता प्रश्न घेऊया.